पेपर टाकताना आणि टाकल्यावर: कारखान्यातल्या आयटीवालीच्या सूचना

राजीनाम्याची मेल चार ओळींची असावी. पाचवी सुचली तर ती बहुतेक रागाची असते.

मी भोसरीत, ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत आयटी सांभाळत होते. सर्व्हर नीट चालत असला की "मॅडम दिवसभर करतात काय?" आणि बंद पडला की "मॅडम करतात तरी काय!" दिवाळीत अख्खा प्लांट गावी गेला की यूपीएसच्या बॅटऱ्या बदलून घ्यायला सर्व्हर रूममध्ये मी. इन्क्रिमेंटच्या वेळी मात्र ऐकायला मिळायचं की आयटी हा खर्चाचा विभाग आहे. ही सगळी यादी राजीनाम्यात उतरवायचा मोह मलाही झाला होता. पण एचआरला त्या मेलमधून एकच गोष्ट हवी असते: शेवटचा दिवस कोणता. बाकीचं तुमच्या फाईलला चिकटून राहतं, आणि पुढच्या कंपनीकडून चौकशीचा फोन आला की नेमकी तीच फाईल उघडली जाते.

आधी नियुक्तिपत्र काढून वाचा. नोटीस 30 दिवसांची, 60 ची की 90 ची? बायआउट, म्हणजे उरलेल्या नोटिशीचे पैसे भरून लवकर सुटणं, बेसिकवर की ग्रॉसवर? उरलेली रजा नोटिशीत वळती होते का? नवीन ऑफर लेटर हातात आल्याशिवाय यातलं काहीही कुणाला विचारू नका, शेजारच्या टेबलावरच्या जिवलगालासुद्धा. सॅलरी स्लिपा, फॉर्म 16, मेडिक्लेमचं कार्ड एवढे स्वतःचे कागद उतरवून घ्या. कंपनीसाठी लिहिलेल्या स्क्रिप्ट्स सोबत नेऊ नका, कितीही रात्री जागून लिहिल्या असल्या तरी.

मग साहेबांना आधी समोर बसून सांगायचं आणि खुर्चीवर परत आल्या आल्या मेल टाकायची. ऑफिसात ती इंग्रजीत जाईल, आशय हा:

"सर, मी सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रानुसार 60 दिवसांची नोटीस धरून माझा शेवटचा दिवस अमुक तारखेला येतो. तोवर हँडओव्हर पूर्ण करेन. मेल मिळाल्याची पोच द्यावी, ही विनंती."

पोच महत्त्वाची. ती आली नाही तर दोन दिवसांनी त्याच मेलवर आठवण द्या, नवी मेल लिहू नका. पहिल्या मेलची तारीखच पुढे उपयोगी पडते.

साहेब म्हणतील, "आधी का नाही बोललीस? बघितलं असतं काहीतरी." इथे आजवर किती वेळा बोललो याचा हिशेब काढायचा नाही. "सर, आता माझं ठरलंय" एवढंच म्हणायचं. काउंटर ऑफरबद्दल, म्हणजे थांबावं म्हणून वाढवून दिलेल्या पगाराबद्दल, माझं मत कडक आहे. जी किंमत राजीनामा बघितल्यावरच सुचते, ती माणसाची नसते, गैरसोयीची असते.

आता हँडओव्हर, म्हणजे आपलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवणं. तांत्रिक नोकरी सोडताना सगळ्यात जास्त वेळ यालाच द्या, कारण "जाताना काहीतरी करून गेली" हा आरोप इथूनच जन्माला येतो. बहुतेक वेळा कुणी काही केलेलं नसतं. होतं असं: रात्रीचा बॅकअप, ईआरपीचा (कंपनीचा हिशेब-साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रिपोर्ट, हजेरीच्या मशीनमधून डेटा उचलणारं टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), हे सगळं कधीतरी घाईत तुमच्याच लॉगिनखाली लावलेलं असतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळी एचआरच्या सांगण्यावरून तुमचा आयडी बंद होतो. त्याच रात्री टास्क गपचूप फेल होतं. फेल झाल्याची मेलही तुमच्याच बंद पत्त्यावर जाते. महिन्याभराने कुणाला तरी जुनी फाईल लागते, बॅकअप सापडत नाही, आणि नाव तुमचं निघतं.

म्हणून नोटिशीच्या पहिल्या आठवड्यातच टास्क शेड्युलर, म्हणजे अशा टास्कची यादी, उघडून प्रत्येक ओळ कुठल्या खात्यावर चालते ते बघा आणि सगळं सर्व्हिस अकाउंटवर (कुणा माणसाच्या नावावर नसलेल्या खात्यावर) हलवा. अलर्ट एका सामायिक पत्त्यावर वळवा. मग, अजून तुम्ही तिथे असतानाच, परवानगी घेऊन स्वतःचा आयडी एका शनिवारी बंद करून बघा. सोमवारी काय काय बोंबललं त्याची यादी म्हणजे खरा हँडओव्हर.

दुसरी गोष्ट ओटीपीची. लहान-मध्यम कंपन्यांत डोमेन कुणाच्या तरी खासगी जीमेलवर घेतलेलं असतं, क्लाउडच्या रूट (मुख्य) खात्याचा ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचा कोड देणारं अ‍ॅप, कुणाच्या तरी मोबाईलमध्ये असतो, टॅलीचं लायसन्स तिसऱ्याच्या ईमेलवर. तो ‘कुणीतरी’ तुम्ही असाल तर नंबर आणि पत्ते कंपनीच्या नावावर बदला आणि बदलल्याचे स्क्रीनशॉट हँडओव्हरला जोडा. एसएसएल सर्टिफिकेटही बघा, म्हणजे वेबसाइट सुरक्षित असल्याचा ब्राउझरला लागणारा दाखला. लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं फुकट सर्टिफिकेट जास्तीत जास्त 90 दिवसांचं असतं. त्याचं नूतनीकरण तुमच्या खात्यावरच्या स्क्रिप्टने होत असेल तर तुम्ही गेल्यावर साधारण तिमाहीच्या आत ग्राहकांच्या पोर्टलवर ब्राउझर ‘असुरक्षित’ची लाल सूचना दाखवायला लागेल.

हँडओव्हरच्या कागदात गोष्टी सांगत बसू नका, रात्री अकराला घाबरलेला माणूस वाचेल असं लिहा: "लेबल प्रिंटर ऑफलाइन दाखवतो: स्टोअर्समधला नेटवर्क स्विच पंख्याच्या बटणाशेजारच्या सॉकेटवर आहे, कुणीतरी पंखा समजून तो बंद करतं. आधी तो बघा." पासवर्ड मात्र कागदात नकोत. पासवर्ड मॅनेजरमधून द्या, समोरच्याला लॉगिन करून दाखवायला सांगा, आणि ते झाल्याची एक ओळ त्याच्याकडून मेलवर घ्या. केटीच्या, म्हणजे काम समजावून सांगायच्या, बैठकीला कुणीच येत नसेल तर रेकॉर्डिंग करून शेअर्ड ड्राइव्हवर ठेवा आणि लिंक साहेबांना पाठवा. कुणी बघणार नाही. लिंक गेल्याची नोंद तर राहते.

एक्झिट इंटरव्ह्यूत मन मोकळं करायला बोलावतात. कामाबद्दल बोला, माणसांबद्दल नको. "रात्रपाळीला आयटीचा दुसरा माणूस हवा" हे लिहिण्यासारखं आहे. "साहेब ऐकून घेत नाहीत" हे घरी सांगण्यासारखं.

पैशांचं थोडक्यात. पाच वर्षं सलग झाली असतील तर ग्रॅच्युइटी हा हक्क आहे: ढोबळमानाने महिन्याचं बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. बेसिक 40,000 आणि सेवा 6 वर्षं असेल तर साधारण 1,38,460 रुपये. शेवटचं वर्ष सहा महिन्यांहून जास्त भरलं असेल तर ते पूर्ण धरतात. पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा; पाच वर्षांच्या आत काढला तर त्यावर कर लागतो. जुन्या कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली नाही तर ट्रान्सफर अडकतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख पीएफच्या यूएएन पोर्टलवर स्वतःला टाकता येते. आणि वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली असेल तर आधीचा पगार नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर दोन्ही कंपन्या आपापल्या परीने करमाफीच्या स्लॅबचा फायदा देतात आणि फरक जुलैत व्याजासकट तुमच्या खिशातून जातो.

शेवटच्या दिवशी लॅपटॉप, आयडी कार्ड, टोकन दिल्याची सही असलेली नो ड्यूजची (काही देणं बाकी नसल्याच्या दाखल्याची) प्रत हातात घेऊनच गेटबाहेर पडा.

आता नंतरचं. "जुना व्हीपीएन (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरायची वाट) अजून चालतो का बघू या" हे गमतीनेही करू नका. पासवर्ड चालत असला तरी परवानगी संपलेली असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये विनापरवानगी प्रवेश बसतो, आणि तो लबाडीने केला असं ठरलं तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मदत करायला गेलात तरी उत्तर द्यायला तुम्हीच लागाल.

फोन येतातच. माझा नियम असा: ‘कुठे आहे’ला उत्तर, ‘करून द्या’ला नाही. स्टोअर्सच्या दादांचा फोन आला, "मॅडम, लेबल निघत नाहीये, ट्रक उभाय," तर पंख्याशेजारचं बटण सांगायला काही जात नाही. त्यांनी मला कधी त्रास दिला नव्हता. पण साहेबांचा मेसेज आला की एनीडेस्कवरून (दूरचा संगणक चालवायच्या अ‍ॅपवरून) जरा बघ, तर व्हॉट्सअ‍ॅपवर लगेच टाइप करायचं नाही. थोड्या वेळाने एवढंच:

"नमस्कार सर. सध्याच्या नोकरीच्या अटींमुळे मला बाहेरच्या सिस्टिमवर लॉगिन करता येत नाही. याची माहिती हँडओव्हरच्या बॅकअप या भागात आहे. वेंडरचा सपोर्ट नंबरही तिथेच दिलाय."

त्यात माफी नाही आणि "बघते, जमलं तर" तर मुळीच नाही. त्याला आपल्याकडे होकार समजतात. पैसे घेऊन काम करायचं असेल तर आधी नव्या कंपनीची लेखी परवानगी, मग दर आणि तास मेलवर, मग काम. उलट्या क्रमाने केलं तर पैसे येत नाहीत.

फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे, अडलं तर एचआरला पाठवायच्या मेलमध्ये शेवटचा दिवस, नो ड्यूजची तारीख, अपेक्षित रक्कम आणि ‘कोणत्या तारखेपर्यंत मिळेल’ हा एक प्रश्न, बस. दुसऱ्या आठवणीत साहेब सीसीमध्ये. कोर्टाची भाषा तिसऱ्या मेलपर्यंत राखून ठेवा. ऑफिसच्या ग्रुपमधून "सगळ्यांसोबत काम करून छान वाटलं, नंबर तोच आहे" म्हणून बाहेर पडा. आत राहून त्यांच्या अडचणी वाचत बसण्यात एक वाईट मजा असते, ती टाळा. पुढे मुलाखतीत "का सोडलं?" विचारतील. "तिथे एकटीने चाळीस गोष्टी बघत होते, मला नेटवर्कमध्ये खोल जायचंय," हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

त्यांच्या फायरवॉलच्या रिन्युअलची कोटेशनं वेंडरकडून मला अजून येतात. मी ती साहेबांना फॉरवर्ड करते, वर एक ओळ लिहून: "सर, वेंडरच्या यादीत माझा पत्ता राहिलाय, तेवढा काढायला सांगा."