‘स्टॅगर’ म्हणजे अडखळणे नव्हे : या चुका टाळा

‘द बॉय स्टॅगर्ड व्हाइल रीडिंग द लेसन.’ बेळगावात टिळकवाडीला मी इंग्रजीची शिकवणी घेतो, आणि दर वर्षी कुणाच्या तरी वहीत हे वाक्य उगवतंच. पोराला म्हणायचं असतं, धडा वाचताना मुलगा अडखळला. इंग्रजी जाणणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र पुस्तक हातात धरून वर्गभर झोकांड्या खाणारा पोरगा उभा राहतो.

दोष पोराचा कमी, खिशात मावणाऱ्या शब्दकोशांचा जास्त. तिथं या शब्दापुढं ‘अडखळणे, लटपटणे, झोकांडी खाणे’ असं एका दमात छापलेलं असतं. पोरं पहिला अर्थ उचलतात आणि मोकळी होतात. आता आपलं ‘अडखळणे’ किती कामं करतं बघा. दगडाला पाय लागला, अडखळलो. चार लोकांसमोर बोलताना शब्द सुचेना, अडखळलो. कविता पाठ नव्हती, अडखळलो. पाय आणि जीभ दोन्ही आपण एकाच शब्दात बांधून टाकले आहेत. इंग्रजीत ते वेगळे आहेत. पायाला काही लागून पुढं कोलमडणं म्हणजे स्टंबल. बोलताना अक्षरं तुटणं, एकच आवाज पुन्हा पुन्हा येणं म्हणजे स्टॅमर. आणि तोल जात असतानाही कसंबसं पाऊल टाकत राहणं, ते स्टॅगर.

इथं आपल्या सीमाभागातल्या मुलांचा एक फायदा आहे, तो आपण वापरतच नाही. निपाणी असो की खानापूर, कानडी कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. आणि कानडीत हे तिन्ही वेगळे आहेत : ठेच लागली की ‘एडवु’, जीभ अडली की ‘तोदलु’, झोकांड्या खाल्ल्या की ‘तूराडु’. मराठी मुलांना इंग्रजी शिकवताना मी फळ्यावर कानडी शब्द लिहितो म्हणून एकदोन पालकांनी नाक मुरडलं होतं. मुरडू देत. अर्थ पोराच्या डोक्यात बसल्याशी मतलब.

एक बारकावा मात्र सांगितला पाहिजे. वाचताना अडखळण्यासाठी इंग्रजीत स्टंबलसुद्धा चालतं, पण सोबत ‘ओव्हर’ हवं. ‘ही स्टंबल्ड ओव्हर द वर्ड्स’ हे वरच्या वाक्याचं दुरुस्त रूप. स्टॅमर तिथं लिहिलंत तर त्या मुलाला तोतरेपणाची सवय आहे किंवा तो घाबरलाय, असा वास येतो.

दुसरी चूक म्हणजे स्टॅगर हा फक्त दारुड्यांचा शब्द समजणं. शनिवारी रात्री गुत्त्यावरून घरी निघालेला माणूस स्टॅगर करतो, हे खरंच. पण एका पोरानं मला विचारलं, ‘सर, न पिता स्टॅगर होता येतं काय?’ म्हटलं, सुगीत शेताकडं जा आणि ऊस तोडणाऱ्या बाईच्या डोक्यावरची मोळी तुझ्या डोक्यावर घे. ट्रॉलीपर्यंत पोचेस्तोवर तू जे करशील त्याला ‘स्टॅगरिंग अंडर द लोड’ म्हणतात. ताप उतरल्यावर पहिल्यांदा अंथरुणातून उठलेला माणूस, डोक्याला मार लागलेला, तालमीत ढकलल्यावर चार पावलं मागं गेलेला पैलवान, सगळे स्टॅगर करतात. कारण कुठलंही असो, तोल जायला हवा आणि पाय चालू हवेत.

या क्रियापदाला एकटं सोडू नका. ‘ही स्टॅगर्ड’ एवढ्यावर वाक्य संपलं तरी चूक नाही, पण ते अर्धवट वाटतं. माणूस कुठं गेला ते सांगा. धडपडत उभा राहिला तर ‘स्टॅगर्ड टु हिज फीट’, लटपटत घरात शिरला तर ‘स्टॅगर्ड इंटु द हाउस’, धक्क्यानं मागं गेला तर ‘स्टॅगर्ड बॅक’. मुलं सर्रास ‘स्टॅगर्ड ऑन द रोड’ लिहितात. मराठीत ‘रस्त्यावर’ म्हणतो म्हणून ते येतं. माणूस रस्त्यानं पुढं जातोय असं सांगायचं असेल तर ‘अलाँग’ किंवा ‘डाउन द रोड’ घ्या.

निर्जीव वस्तूंचं प्रकरण वेगळं. ‘सर, टेबल हलूलालंय’ हे आमच्या शिकवणीतलं रोजचं गाऱ्हाणं, आणि त्याचं इंग्रजी ‘द टेबल इज स्टॅगरिंग’ असं होतं. टेबल कुठं चालायला लागलं? एक पाय आखूड असल्यानं जागच्या जागी डुगडुगतं, ते वॉबल. सायकलचं चाक आउट झालं की ते वॉबल करतं. वाऱ्यानं माड डुलतो, तो स्वे. चोर्ला घाटात एसटी वळणावर अचानक एका अंगाला जाते आणि उभी माणसं एकमेकांवर पडतात, तो लर्च. यात तोल जाण्याइतकाच तो झटका महत्त्वाचा. आजोबा काठी टेकत, आता पडतील की मग पडतील अशा बेतानं चालतात, ते टॉटर. नुकतं पाऊल फुटलेलं बाळ दुडूदुडू चालतं, ते टॉडल. बाळासाठी स्टॅगर वापरलं तर वाचणारा त्याच्या आईला विचारेल, काय पाजलंत?

आणि स्वॅगरपासून जपा. छाती काढून, कॉलर ताठ करून ऐटीत चालणं म्हणजे स्वॅगर. कानाला दोन्ही शब्द सारखे, अर्थाला उलटे. निवडून आलेला उमेदवार स्वॅगर करतो, पडलेला स्टॅगर करेल.

आता ‘स्टॅगरिंग’. इथं पाय सुटतात आणि मन येतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा या नद्यांनी जिल्ह्यात हाहाकार केला. त्या पुराबद्दल लिहिलेल्या उताऱ्यातल्या ‘अ स्टॅगरिंग लॉस’चं भाषांतर एका मुलीनं ‘डळमळीत नुकसान’ असं केलं होतं. नुकसान इतकं मोठं की ऐकणाऱ्याला धक्का बसावा, हा तिथला अर्थ. आकडा डळमळत नाही, ऐकणारा डळमळतो. प्लॉटचा भाव ऐकून डोळे पांढरे झाले, तर भाव स्टॅगरिंग.

या अर्थाचा धागा शब्दाच्या मुळाशीच आहे. जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘स्टाका’ म्हणजे ढकलणे या क्रियापदापासून ‘स्टाक्रा’ झालं, तेच पुढं इंग्रजीत स्टॅगर. म्हणजे मुळात धक्का. आणि धक्का आपल्यालाही दोन्हीकडं लागतो, बाजारात खांद्याला आणि बातमी ऐकून मनाला. पोरांना ‘अडखळणे’ऐवजी ‘धक्का’ आणि ‘तोल’ हे दोन शब्द दिले तर निम्म्या चुका जागच्या जागी जातात, हा माझा अनुभव.

त्यातही एक ठेच आहेच. ‘आय वॉज स्टॅगर्ड’ म्हणजे मी थक्क झालो. घाईत पोरं ‘मी थकलो’ लिहितात, कारण थकलेला माणूसही लटपटतो. बातमी स्टॅगरिंग, ऐकणारा स्टॅगर्ड. ‘आय वॉज स्टॅगरिंग टु हिअर द न्यूज’ लिहिलंत तर बातमी ऐकायला तुम्ही झोकांड्या खात गेलात.

सर्वांत जास्त गोंधळ घालणारा अर्थ मात्र मैदानावर सापडतो. फक्कीनं आखलेल्या गोल ट्रॅकवर 400 मीटरची शर्यत असली की बाहेरच्या लेनमधली मुलं पुढं उभी असतात, आणि दर वर्षी कुठला तरी बाप ओरडतो, ‘त्याला पुढं कशाला उभं केलंय वो?’ त्याला स्टॅगर्ड स्टार्ट म्हणतात. बाहेरच्या लेनचा वळसा मोठा असतो. प्रमाणित ट्रॅकवर लेन 1.22 मीटर रुंद असते, आणि शर्यत शेवटपर्यंत आपापल्या लेनमध्ये धावायची असेल तर दुसऱ्या लेनचा धावपटू पहिलीपेक्षा 7.04 मीटर पुढून सुटतो. तेव्हा कुठं सगळ्यांना सारखंच अंतर पडतं. या अर्थात लटपटणं अजिबात नाही. मुद्दाम मागंपुढं ठेवणं आहे. कारखान्यातल्या पाळ्यांची जेवणाची सुट्टी एकदम न देता अर्ध्या अर्ध्या तासानं दिली, किंवा कोबीची सगळी लावण एका दिवशी न करता पंधरा पंधरा दिवसांनी केली, तर ती स्टॅगर्ड. मराठीत ‘टप्प्याटप्प्यानं’ जवळ जातं. ‘अस्थिर वेळापत्रक’ मात्र लिहू नका.

म्हशी पाळणाऱ्यांसाठी एवढंच : ‘ग्रास स्टॅगर्स’ हा गाईगुरांचा एक आजार आहे, रक्तातलं मॅग्नेशियम घटल्यानं होणारा. तिथं शेवटचा ‘स’ अनेकवचनासाठी नाही, ते आजाराचं नाव आहे.

स्पेलिंगमध्ये ‘जी’ दोनदा. एकच लिहिला की ‘स्टेजर’ असा वेगळाच शब्द होतो. उच्चार ‘स्टॅगर’, सुरुवातीला ‘इ’ लावू नका. आणि परीक्षेत ऐनवेळी यातलं काहीच आठवलं नाही, तर सरळ ‘वॉक्ड अनस्टेडिली’ लिहा. साधं आहे, बरोबर आहे, आणि ते लिहिलं म्हणून मी तरी कुणाचा मार्क कापत नाही.