आधी गच्चीला चुना, मग एसीचं बघू

सांगलीत आमचं घर वरच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये रात्री अकरालाही छताखाली तव्यासारखी धग. एसी घ्यायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याआधी गच्ची घासून धुतली आणि भिजवून गाळलेल्या चुन्यात पांढरं सिमेंट घालून दोन हात मारले. पांढऱ्यावर पडलेलं ऊन बरंचसं परत फिरतं, स्लॅब तेवढा तापत नाही. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा होता. पण ऊन एकदा काचेतून आत आल्यावर पडदा काय करणार? बांबूची चटई बाहेरून सोडली.

खरी गंमत जिन्यावरच्या झरोक्याची. मागच्या रंगकामात तो रंगानेच चिकटला होता! पेचकस घालून उचकटला, तशी रात्री गरम हवा वरून निघून जायला लागली. पंखा पाचवरून तीनवर आलाय. चुना मात्र पावसात धुपतो, दरवर्षी मारायचा. आई म्हणते, "कौलारू घरात ही नाटकं नव्हती."