हिमस्खलनाचा उतार ओळखताना

गुलमर्गच्या अफरवाट शिखरावर स्कीइंगच्या गस्ती पथकाच्या हद्दीबाहेरच्या बर्फात स्कीवरून उतरायचे असेल, तर निघण्यापूर्वी त्या दिवसाचा हिमस्खलनाचा इशारा अवश्य पाहावा. मात्र इशारा मोठ्या प्रदेशासाठी असतो; आपल्या पायाखालचा उतार आपणच तपासायचा असतो.

प्रथम उताराचा कोन मोजावा. ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर बहुतेक धोकादायक हिमस्खलने होतात, आणि दुर्दैवाने स्कीइंगसाठी हेच उतार सर्वांत मोहात पाडणारे असतात. मग सुरक्षित, सौम्य जागी फावड्याने खड्डा खणून त्याची उभी भिंत नीट तासून घ्यावी आणि वरून खाली बोट दाबत न्यावे. वरच्या घट्ट थराखाली बोट अचानक सहज आत गेले आणि तिथला बर्फ साखरेसारखा सुटा, मुठीत दाबूनही गोळा न होणारा निघाला, तर वरची लादी अशा कच्च्या पायावर उभी आहे असे समजून माघारी फिरावे. नुकतीच जोरदार बर्फवृष्टी झाली असेल, वाऱ्याने कड्यामागे बर्फ साचवला असेल किंवा चालताना खालून ‘धप्प’ असा आवाज आला असेल, तर खड्डा न खणताच माघारी फिरावे.

ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवेच. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता साधारण पहिल्या १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते, त्यामुळे बाहेरची मदत येण्याआधी सोबत्यांनीच त्याला शोधून काढावे लागते. म्हणून संशयास्पद उतार एकेकाने ओलांडावा आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावरची नजर हटवू नये.