मराठी वर्डप्रेस साइट स्क्रीन रीडरला नीट वाचता यावी म्हणून

आधी सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ पानावर साइटची भाषा मराठी करा. ती इंग्रजीच राहिली, तर प्रत्येक पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा इंग्रजी अशी नोंद जाते आणि स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) देवनागरी इंग्रजी आवाजात वाचायला घेतो. काही आवाज देवनागरी चक्क गाळतात. डॅशबोर्ड इंग्रजीतच बरा वाटत असेल, तर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा वेगळी ठेवता येते. त्यापायी अख्खी साइट इंग्रजी ठेवू नका.

मराठी साइटचं खरं दुखणं पीडीएफमध्ये असतं. फाइल चढवण्याआधी तिच्यातली एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. ओळ निवडताच आली नाही, तर ते स्कॅन, म्हणजे नुसतं चित्र, आहे. रोमन अक्षरांचा काला उमटला, तर मजकूर कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि स्क्रीन रीडरही तो कालाच वाचणार. मूळ मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा, मग रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, कारण रूपांतरात हमखास तीच बिघडतात. मजकूर पोस्टमध्येच टाका. पीडीएफ हवी तर सोबत जोडा.

ग्रामसभेची सूचना फोटो म्हणून टाकली आणि ऑल्ट टेक्स्टमध्ये (चित्राऐवजी स्क्रीन रीडर वाचतो त्या वर्णनात) ‘सूचना’ एवढंच लिहिलं, तर तारीख, वेळ, विषय काहीच पोचत नाही. सूचना फोटोखाली टाइप करा. केवळ शोभेच्या चित्राचं ऑल्ट रिकामं सोडा. आणखी एक खोच: मीडिया लायब्ररीत ऑल्ट नंतर बदललं, तरी आधीच पोस्टमध्ये घातलेल्या चित्राचं सहसा बदलत नाही. ते त्या पोस्टमध्ये जाऊनच बदलावं लागतं.

पोस्टचं शीर्षक बहुतेक थीममध्ये एच१, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीचं, असतं, म्हणून आतली शीर्षकं एच२पासून. परिच्छेद नुसता ठळक केला की शीर्षक होत नाही. टेबल ब्लॉकमध्ये ‘हेडर सेक्शन’ (स्तंभांच्या नावांची ओळ) चालू करा.

साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो. पांढऱ्यावर एफएफ९९३३ हा लाडका केशरी जेमतेम २.१:१ भरतो. सीएसएसमध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये) लेटर-स्पेसिंग वाढवू नका, शिरोरेषा तुटते. शीर्षकाच्या चौकटीची उंची पिक्सेलमध्ये बांधली, तर अक्षरं मोठी करताच वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात. ‘आउटलाइन: नन’ दिसलं तर काढून टाका. त्याने टॅबने निवडलेल्या दुव्याभोवतीची चौकट लपते, आणि कीबोर्डवाल्याला आपण कुठे आहोत ते त्या चौकटीवरूनच कळतं. कोपऱ्यात तरंगणारं ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ बटण देणाऱ्या प्लगिनने यातलं काहीही धड दुरुस्त होत नाही.

तपासायला विंडोजवर मोफत मिळणारा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर पुरे. माउस बाजूला ठेवून टॅबने मेनूपासून फॉर्मपर्यंत जा. एच दाबून शीर्षकांवर उड्या मारा. फॉर्मच्या रकान्यात काही टाइप करा. आता रकान्याचं नाव पडद्यावरून गायब झालं, तर तिथे दिसणारं लेबल नाही, फक्त प्लेसहोल्डर (रिकाम्या रकान्यातला फिकट मजकूर) आहे. फॉर्म प्लगिनमध्ये त्या रकान्याचं लेबल भरा, आणि ते लपवण्याचा पर्याय बंद ठेवा.