ओटला खत: डीएपी की सुपर फॉस्फेट?

इंदूरकडे सोयाबीन निघाल्यावर चाऱ्यासाठी ओट, म्हणजे तिकडची जई, पेरतात. खत म्हणून बहुधा डीएपी (नत्र आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत), वरून युरिया. पीक काळेभोर दिसतं, पण काळेभोर म्हणजे कसदार नव्हे. नत्राची प्रथिनं व्हायला गंधक लागतं आणि डीएपीत ते नसतं. मग नत्र नायट्रेटच्या रूपात खोडात साचून राहतं, आणि ते जास्त झालं तर गुरांना विषारी ठरतं.

एकरी साधारण 40 किलो नत्र आणि 16 किलो स्फुरद धरा. स्फुरदासाठी पेरणीच्या वेळी सिंगल सुपर फॉस्फेटच्या 50 किलोच्या दोन गोण्या द्या. त्यातून 11 किलोच्या आसपास गंधकही मिळतं. माळव्याच्या काळ्या जमिनीत पालाश (पोटॅश) बहुतेक पुरेसं असतं, म्हणून माती तपासल्याशिवाय पोटॅश विकत घेऊ नका.

दोन कापण्या घ्यायच्या असतील तर युरिया तीन हप्त्यांत, दर वेळी 30 किलो: पेरताना, 20-25 दिवसांनी, आणि पहिल्या कापणीनंतर. पहिली कापणी 50-55 दिवसांनी, जमिनीपासून चार बोटं ठेवून. अगदी बुडातून कापलं तर फुटवा येत नाही. युरिया फेकून लगेच हलकं पाणी द्या. ही काळी जमीन विम्ल (अल्कधर्मी), त्यामुळे वर पडून राहिलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो. सकाळी दवात तर फेकूच नका, दाणे पानाला चिकटून टोकं करपतात.

खरा धोका जास्त युरिया आणि वाढ खुंटणं एकत्र आलं की असतो. पाण्याचा ताण पडला किंवा मावठ्याचं ढगाळ हवामान चार दिवस राहिलं, की मुळं नत्र ओढत राहतात आणि पान ते वापरत नाही. नायट्रेट सर्वांत जास्त खोडाच्या खालच्या भागात असतं. अशा वेळी आठवडाभर कापणी लांबवा, वीतभर खोड सोडून कापा, आणि उपाशी गुरापुढे नुसता हिरवा चारा टाकू नका; आधी भूस द्या. वाळवल्याने नायट्रेट जात नाही, मुरघास (हवाबंद आंबवलेला चारा) केल्यावर बरंच कमी होतं.

ज्वारीच्या चरीत, म्हणजे हिरव्या चाऱ्याच्या ज्वारीत, विष वेगळं. तिथे कोवळ्या पिकातलं हायड्रोसायनिक आम्ल मारतं, आणि स्फुरद कमी, नत्र जास्त असेल तर ते वाढतं. गुडघाभर चरी कधीच घालू नका.

हिरड्या निळसर-तपकिरी, धाप, रक्त चॉकलेटी रंगाचं, ही नायट्रेटची लक्षणं. चारा तोंडापुढून काढा आणि पशुवैद्याला बोलवा. मिथिलीन ब्लूचं इंजेक्शन वेळेत पडलं तर जनावर वाचतं.