अमेरिकेत घराची ऑफर: आकडा आधी ठरवा, मग घर बघा

दर स्प्रिंगला मला एक तरी फोन येतोच, "ताई, लिस्टच्या वर किती टाकू?" म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

लिस्ट प्राइसला चिकटून विचार करू नका. तो विकणाऱ्याने लावलेला आकडा आहे. कोणी मुद्दाम कमी लावतो म्हणजे पहिल्याच वीकेंडला झुंबड उडते, कोणी वाटेल तेवढा वर लावून दोन महिने वाट बघत बसतो. एजंटकडून काँप्स मागून घ्या, म्हणजे त्याच भागातली, साधारण तेवढ्याच स्क्वेअर फुटांची, गेल्या तीन ते सहा महिन्यांत विकली गेलेली घरं. विकली गेलेली, बाजारात असलेली नाही. मग छप्पर किती जुनं, एसी-फर्नेस किती वर्षांचे, बेसमेंट फिनिश्ड आहे का, हे एकेक करून वजा-अधिक करा. झिलो या घरांच्या वेबसाइटवरचा किमतीचा अंदाज बघा, पण त्यावर पैसे लावू नका. झिलोने स्वतः घरं विकत घ्यायचा धंदा काढला होता, आणि किमतींचा अंदाज बांधणं जमत नाही म्हणून २०२१ मध्ये तो बंद करावा लागला. टेक्साससारख्या राज्यात तर विक्रीची किंमत जाहीर करायची सक्तीच नाही, तिथे खरा आकडा एमएलएसमध्ये, म्हणजे एजंट लोकांच्या घरांच्या यादीतच मिळतो.

घर किती दिवस बाजारात आहे तेही बघा. चार दिवस झालेल्या घराला कमी मागून उपयोग नाही, पन्नास दिवस पडून असेल तर खुशाल मागा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अप्रेझल कंटिंजन्सी सोडू नका, म्हणजे बँकेने घराची किंमत ऑफरपेक्षा कमी ठरवली तर व्यवहारातून बाहेर पडता येईल ही अट. आम्ही सोडली होती. तीन घरं हातची गेलेली, मुलाची शाळा सुरू व्हायला आलेली, आणि एजंट म्हणाला की ही अट काढली तर घर तुमचंच. आम्ही पाच लाख डॉलरची ऑफर दिली, बँकेचं अप्रेझल आलं चार लाख सत्तर हजार. बँक दोन्हींतल्या कमी आकड्यावरच कर्ज देते हे आम्हाला तोपर्यंत नीट कळलंच नव्हतं. ऐंशी टक्के म्हणजे चार लाखांचं कर्ज धरून आम्ही एक लाख तयार ठेवले होते, ते झालं तीन लाख शहात्तर हजार आणि आमच्या खिशातून लागणार होते एक लाख चोवीस हजार. मागे फिरलो असतो तर अर्नेस्ट मनी, म्हणजे ऑफरबरोबर भरलेली बयाण्याची रक्कम गेली असती. मग भारतातली एफडी मोडली, सासऱ्यांकडून पैसे मागवले, तर बँकेला त्या प्रत्येक रकमेचा कागद हवा, गिफ्ट लेटर (पैसे भेट आहेत, उसने नाहीत असं पत्र) हवं, स्टेटमेंट्स हवीत, आणि क्लोजिंग, म्हणजे घर नावावर होण्याचा दिवस, दहा दिवसांवर. ते दहा दिवस मी आयुष्यात विसरणार नाही. तेव्हा अट सोडायचीच असेल तर आधी हिशोब करा की अप्रेझल तीस-चाळीस हजारांनी कमी आलं तर तेवढी रोकड आज खात्यात आहे का, आणि क्लोजिंग कॉस्टसाठी घराच्या किमतीच्या दोन ते पाच टक्के धरून, इमर्जन्सीच्या पैशांना हात न लावता आहे का. नसेल तर नाही म्हणा.

इन्स्पेक्शनही, म्हणजे जाणकाराकडून घराची तपासणी, सोडू नका.

आपल्या लोकांचं एक बोलते, राग मानू नका. सगळ्यांना तीच दहा रेटिंगची शाळा हवी, मग त्या चार गल्ल्यांत आपणच आपल्याशी बोली लावून भाव चढवतो आणि दोन मैलांवरच्या चांगल्या शाळेकडे कोणी बघत नाही. आणि मित्राने वीस हजार वर दिले म्हणून आपणही द्यायचे, हे तर फारच होतं. त्याचं घर वेगळं, महिना वेगळा, व्याजदर वेगळा. नवरा-बायकोने घर बघायला जायच्या आधी वरचा आकडा कागदावर लिहावा आणि दोघांनी सही करावी. किचन बघितलं की डोकं चालत नाही. एस्कलेशन क्लॉज, म्हणजे दुसऱ्याने जास्त दिले तर आपली ऑफर आपोआप वाढेल ही अट, टाकलात तरी त्याचं वरचं टोक हाच आकडा.

प्रॉपर्टी टॅक्स विकणाऱ्याचा बघून हिशोब करू नका, कॅलिफोर्नियात तर तो तुमच्या खरेदीच्या किमतीवर नव्याने लागतो, शेजारी वीस वर्षं राहत असेल तर त्याच्या कितीतरी पट येऊ शकतो. ऑगस्ट २०२४ पासून एजंटबरोबर घर बघायच्या आधीच लेखी करार करावा लागतो, त्यात त्याचं कमिशन किती ते वाचा, ते कमी करून मागता येतं.

आणि ऑफर पाठवायच्या आधी एजंटला विचारायला लावा की विकणाऱ्याला क्लोजिंग कधी हवंय. मागच्या वर्षी आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याची ऑफर सगळ्यात मोठी नव्हती, पण विकणाऱ्या आजी-आजोबांचं नवीन घर तयार व्हायला वेळ होता, यांनी क्लोजिंगनंतर महिनाभर त्यांना तिथेच राहू दिलं आणि घर यांना मिळालं.