फॉल्ट समोर येईपर्यंत पाना उचलायचा नाही

"दादा, तुमच्याकडे आणली की गाडी बरोबर चालते." ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामात हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकायला मिळतं. आयटीआयमधून नुकतीच गॅरेजला लागलेली मुलं असा मध्येच येऊन जाणारा फॉल्ट शोधायला सगळ्यात जास्त घाबरतात. उडालेला फ्यूज किंवा कायमचा गेलेला हॉर्न शोधायला फारसं डोकं लागत नाही. पण कधी येतो, कधी जातो अशा फॉल्टने मला पहिली तीन-चार वर्षं झोप लागू दिली नव्हती. त्यातून जे हाती आलं ते एका गाडीच्या आधाराने सांगतो.

पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर. मालक दर शनिवारी पुण्याहून साताऱ्याला आईकडे जाणारे. खंबाटकी घाट चढताना मध्येच इंजिन बंद व्हायचं. मागून ट्रक, शेजारी बायको आणि मुलं. दहा मिनिटं थांबलं की परत चालू. येताना बोगद्याने एकदाही असं झालं नव्हतं. आमच्याकडे येईपर्यंत दोन ठिकाणी काम झालं होतं: फ्युएल पंप नवा, थ्रॉटल बॉडी साफ, क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा) दोनदा बदललेला. स्कॅनरवर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणाऱ्या यंत्रावर, फॉल्टचा कोड मात्र तोच, पी०३३५.

इथे पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. या कोडचा अर्थ 'क्रँक सेन्सर खराब' असा नाही. कोडच्या पूर्ण नावात 'सर्किट' हा शब्द आहे. सर्किट म्हणजे सेन्सर, त्याचा कपलर (वायर जोडायचा सॉकेट), वायर, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणारी वाट) आणि ईसीयूची, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची पिन, सगळं मिळून. ईसीयूला एवढंच कळतं की सिग्नल आला नाही. तो वाटेत कुठे अडला ते आपणच शोधायचं असतं. 'पार्ट बदलून बघू' ही सवय मला मनापासून नको वाटते, कारण त्या बघण्याचे पैसे गिऱ्हाईक भरतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आल्या आल्या कोड पुसायचा नाही. कोडसोबत फ्रीझ फ्रेम साठवलेली असते: त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिनचं तापमान किती, इंजिनवर जोर (लोड) किती. मध्येच येणाऱ्या फॉल्टचा तो एकमेव साक्षीदार असतो, आणि कोड पुसला की तोही पुसला जातो. फोनने फोटो काढून ठेवा. या गाडीत तापमान होतं ९१ अंश, म्हणजे अगदी नेहमीचं. लोड मात्र भरपूर होता.

मग गिऱ्हाइकाजवळ बसायचं. चहा मागवा, पण घाई करू नका. सकाळी होतं की दुपारी? पावसात? एसी लावल्यावर? खड्ड्यात? वळणावर कुठल्या बाजूला? बंद पडायच्या आधी काटे कसे वागतात? आधीच्या सगळ्यांनी 'गरम झाल्यावर बंद पडते' असं धरलं होतं, आणि गरम झाल्यावर दगा देणारे क्रँक सेन्सर असतातही. मी विचारलं, "दहा मिनिटं न थांबता लगेच सेल्फ मारून बघितला होता का कधी?" ते म्हणाले, "एकदा मागे कंटेनर होता म्हणून घाबरून मारला, तर लगेच चालू झाली." तापमानाचा संशय तिथेच संपला. दोन सेकंदांत इंजिन थंड होत नाही.

त्यांनी अजून एक सांगितलं: आरपीएमचा काटा एकदम शून्यावर पडतो, मग धक्का बसतो. हे फार मोलाचं आहे. गाडी गिअरमध्ये पळत असेल तर पेट्रोल तुटल्यावरही चाकं इंजिनला फिरवत राहतात, काटा हळूहळू उतरतो. गाडी चालती असताना काटा तडक शून्यावर आला, तर इंजिन फिरतंय पण ईसीयूला ते दिसत नाहीये.

आता फॉल्ट समोर आणायचा. स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावताना तीसेक पॅरामीटर एकदम निवडू नका; जितके जास्त, तितका प्रत्येकाचा आकडा उशिरा बदलतो, आणि क्षणभराचा तुटवडा निसटून जातो. आरपीएम, वेग, बॅटरी व्होल्टेज, बस. इंजिन चालू ठेवून हार्नेस, म्हणजे वायरचा जुडगा हलवला, कपलर दाबले, काही नाही. मग वाटलं, घाट चढताना आणि इथे उभं असताना फरक काय? चढावर जोर लागला की इंजिन माउंटिंगवर मागे कलतं, आणि त्यासोबत त्यावरची वायर ताणली जाते. हँडब्रेक आणि फूटब्रेक पक्का, पुढे कोणीही उभं नाही, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरासा सोडला. इंजिन कललं आणि आरपीएमची रेघ तुटली. तीनदा केलं, तिन्ही वेळा तुटली. बंद पडल्यावर इंजिन परत जागेवर बसायचं आणि वायरची टोकं जुळायची, म्हणून लगेच सेल्फ लागायचा.

सेन्सर तीन वायरचा, हॉल प्रकारचा: एक ५ व्होल्ट, एक अर्थ, एक सिग्नल. कपलरपासून वीतभर अंतरावर हार्नेसची क्लिप तुटलेली होती. टेप सोडवली. तिन्ही वायर बाहेरून धडधाकट. एकेक वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली, तर सिग्नलची वायर एका जागी रबरासारखी लांबली. आत तांबं नव्हतंच. इन्सुलेशन कापलं तर दोन टोकं दिसली, हिरवट काळी पडलेली, एकमेकांना नुसती टेकलेली. मल्टीमीटरवर ही वायर सरळ असताना आधी बझर वाजवत होती (वायर जोडलेली असली की मीटर वाजतो), हेही लक्षात ठेवा. बझर वाजला म्हणजे वायर चांगली, असं नसतं.

जास्त करंटच्या सर्किटमध्ये तर कंटिन्युइटी, म्हणजे ही बझरची परीक्षा, अजूनच फसवते. दहा तारांपैकी एक शिल्लक असली तरी बझर वाजतो, पण फॅनचा लोड तिला पेलत नाही. तिथे लोड चालू ठेवून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत किती व्होल्ट हरवतात ते मोजायचं. एका गाडीत सेल्फ मारताना एबीएस, स्टिअरिंग, चेक लाइट सगळे एकदम लागायचे. इतके वेगवेगळे दिवे एकत्र लागले की आधी बॅटरी आणि अर्थ बघायचा. बॅटरी १२.६ व्होल्ट, ठणठणीत. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर ठेवून सेल्फ मारला. तिथे साधारण ०.२ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत, आम्हाला १.४ दिसले. बॉडीवरच्या अर्थच्या थिंबलखाली (वायरच्या टोकाची कडी) रंग आणि गंज होता. घासून बोल्ट आवळला, काम झालं.

पावसाळ्यात वायपरखालच्या जाळीत पालापाचोळा अडकून पाणी आत फ्यूज बॉक्सवर येतं. तेव्हा कपलरमध्ये हिरवा थर शोधा. उंदरांनी कुरतडलेली वायर आणि बाहेरून बसवलेल्या लाइट-म्युझिकसाठी सोलून जोडलेली वायर, या दोन्ही गोष्टी कुठलाही सेन्सर मागवण्याआधी बघाव्यात.

तापमान सेन्सरसाठी एक सोपी परीक्षा. कपलर काढला की स्कॅनरवर उणे ४० च्या आसपास दिसतं, कपलरच्या दोन पिना छोट्या वायरने जोडल्या की आकडा एकदम वर जातो. दोन्ही झालं, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक आहेत. काही गाड्यांत ईसीयू स्वतःचा ठरलेला आकडा दाखवतो, तिथे ही परीक्षा चालत नाही. व्होल्टेज मोजावं लागतं.

दोन ठिकाणी हात आवरा. पिवळे कपलर एअरबॅगचे, तिथे टेस्ट लॅम्प किंवा मीटर लावायचा नाही. नारिंगी केबल हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीच्या हाय व्होल्टेजच्या, त्याचं प्रशिक्षण झाल्याशिवाय शिवायचं नाही. ईसीयूच्या वायरवर बल्बचा टेस्ट लॅम्पही नको. आणि वायरला सुई टोचून मोजू नका, त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं; कपलरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा.

खंबाटकीच्या गाडीला वायरचा नवा तुकडा क्रिम्प करून, म्हणजे दाबून जोडला, आतून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवली, इंजिन कललं तरी ताण येणार नाही एवढी ढील ठेवली आणि नवी क्लिप लावली. पाच सेंटीमीटर वायर आणि एक क्लिप. शनिवारी मालकांसोबत मीच घाट चढलो, मांडीवर स्कॅनर. वर पोहोचेपर्यंत आरपीएमची रेघ कुठेच तुटली नाही. परत फिरून दुसऱ्यांदा चढलो, आणि मग कोड पुसला.